शून्याला चार

शून्याचा शोध आपल्या देशात लागला हे आपण छाती फुगवून सांगतो, पण त्या शून्याची मनापासून काळजी घेणारा माणूस साऱ्या देशात एकच उरला आहे आणि तो इंदापूर तालुक्यात कळंबला राहतो. तो माणूस म्हणजे माझ्या धाकट्या भावाचे सासरे. गाव त्यांना तात्या म्हणतं, मीही तात्याच म्हणतो. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात त्यांनी उभी हयात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून काढली. म्हणजे टाकीत रस किती, बॉयलरमध्ये पाणी किती हे ज्या काट्यांवर कळतं, ते काटे खरं बोलतात की खोटं एवढंच बघायचं काम. तीसेक वर्षं काट्यांची उलटतपासणी घेतल्यावर माणूस तिथंच थांबत नाही. तात्या माणसांचीही घेऊ लागले, आणि त्या तपासणीत पहिल्याच फटक्याला सापडलं ते आमचं घर.

ते असं झालं. माझा धाकटा भाऊ बारामतीच्या एमआयडीसीत याच विषयाचा इंजिनिअर. त्याच्यासाठी तात्यांची मुलगी, अश्विनी, बघायला आम्ही कळंबला गेलो. पोहे आले, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मुलाचा पगार, घर, शेती यांतलं तात्यांनी काहीही विचारलं नाही. त्यांनी पोह्यांची बशी गुडघ्यावर ठेवली आणि भावाला विचारलं, "टाकी रिकामी हाय. आत थेंबबी न्हाय. तर तारेत किती?"

भावाचा चेहरा उजळला. आमच्यापैकी बाकी कुणाला काही कळलं नव्हतं, पण हा पेपर त्याचा होता. तो म्हणाला, "चार मिलीअँपिअर."

"शाब्बास. भरली तर?"

"वीस."

"आता सांगा, टाकीत काय न्हाय तर तारेत चार कशाला? शून्य का न्हाय?"

भाऊ अडखळला. मग म्हणाला, "ते... स्टँडर्डच आहे तसं."

तात्यांनी बशी खाली ठेवली. "स्टँडर्ड हाय म्हणून," ते सावकाश म्हणाले. "उद्या कुणी इचारलं, लगीन का केलं, तर बी हेच सांगणार का तुमी? स्टँडर्ड हाय म्हणून?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी मराठीचा प्राध्यापक; विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. मी छताकडं पाहिलं. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेली अश्विनीच म्हणाली, "टाकी रिकामी हाय का तार तुटलीय, ते कळावं म्हणून चार. त्यात काय एवढं, तात्या?"

"तुला ठावं हाय गं," तात्या म्हणाले, "पण संसार दोघांचा हाय."

भावाला आठ दिवसांची मुदत मिळाली. मुलीचा होकार आहे आणि मुलाचा अभ्यास कच्चा आहे, असा निरोप घेऊन आम्ही परतलो. डिग्रीच्या परीक्षेला केला नसेल एवढा अभ्यास त्यानं त्या आठ दिवसांत केला, आणि पुढच्या रविवारी जाऊन शाळकरी मुलानं पाढे म्हणावेत तसं म्हणून दाखवलं: तारेत शून्य आलं तर टाकी रिकामी आहे की तारच तुटली आहे हे कळायला मार्ग नाही, म्हणून रिकाम्या टाकीलासुद्धा चार द्यायचे. शिवाय टाकीपाशी जे यंत्र बसवलेलं असतं, ते त्या चारावरच आपलं पोट भरतं. आणि तार कितीही लांब नेली तरी तेवढाच प्रवाह दुसऱ्या टोकाला पोचतो, वाटेत गळत नाही. ऐकताना तात्यांचे डोळे मिटलेले होते. संपल्यावर त्यांनी ते उघडले आणि आत बघून हाक मारली, "अश्विने, पोहे आण. पाव्हणं आता आपलं हायती."

तात्यांनी हे सगळं एवढं मनावर का घेतलं होतं, ते लग्नानंतर कळलं. आदल्या हंगामात कारखान्यात एक नवा साहेब आला होता. मळीच्या टाकीचा काटा खाली पडलेला त्यानं पाहिला आणि टाकी रिकामी आहे असं समजून पंप चालू करायला सांगितला. तात्या म्हणाले, "साहेब, काटा शून्यावर न्हाय, शून्याच्या खाली हाय. टाकी भरलेली हाय, तार मेलीय." साहेबांना शून्य आणि शून्याच्या खाली हा फरक मानायची सवय नव्हती. पंप चालू झाला. अर्ध्या तासात मळी टाकीवरून उतरून आवारात आली, आवारातून सायकल स्टँडमध्ये आली आणि साहेब पळत बाहेर आले तेव्हा त्यांचे दोन्ही बूट मागंच राहिले. तार उंदरानं कुरतडली होती. तीन गावांतल्या मुंग्या पुढचे दोन महिने कारखान्यावर मुक्कामाला होत्या. बूट निघाला तो खराट्यानं खरवडून, आणि तोही एकाच पायाचा. दुसरा मिळाला नाही. त्या दिवशी तात्यांनी ठरवलं की, रिकामं आणि मेलेलं यांतला फरक ज्याला कळत नाही त्याला मुलगी द्यायची नाही.

तर हा फरक तात्या सगळीकडं पाळतात. आषाढी-कार्तिकीला त्यांचा उपवास कडकडीत असतो, पण सकाळी मोजून चार शेंगदाणे खातात. "पोटाला समजाया पायजे," ते सांगतात, "आज उपास हाय का घरचे जेवण द्यायला इसरले." फोनवर बोलताना पलीकडच्यानं दर दोन वाक्यांनी 'हूं' म्हटलं नाही तर ते बोलणं थांबवून "तार गेली, तार गेली" असं ओरडत अंगणात येतात. तब्येत विचारली तर बरी किंवा वाईट असं उत्तर कधी येत नाही. "आज बारा हाय," म्हणतात, म्हणजे निम्मी. गुडघा दुखत असला की आठ. व्याह्यांची विचारपूस करायची म्हणून माझ्या आईलाही हे शिकावं लागलं आणि एकदा तिनं डॉक्टरलाच सांगितलं, "चौदा वाटतंय, पण चक्कर येते." डॉक्टरांनी तिला रक्तातल्या साखरेची गोळी लिहून दिली.

घराला कुलूप लावून कुठं जायचं असेल तर तात्या दारावर पाटी लावतात: 'घरात कोणी नाही.' कोऱ्या दारावरून माणसाला काय कळणार, आत कुणी नाही की आत आहेत पण ऐकू जात नाही? मी म्हटलं, "तात्या, चोराला आमंत्रण आहे हे." त्यावर ते म्हणाले, "त्यालाबी खरं कळाया नको का, मास्तर? कुणी घरात असताना आत शिरला आणि मार खाल्ला तर पाप कुणाला?" एकदा खरोखरच चोर आला. पाटी वाचून त्याला एवढा संशय आला की तो आत न शिरताच गेला. हे कसं कळलं म्हणाल, तर जाताना त्यानं पाटीखाली खडूनं लिहिलं होतं, 'बरं.'

आणि रोज सकाळी आठ वाजता ओळखीच्या प्रत्येकाला एक मिस्ड कॉल. उचलायचा नाही. उचलला तर रागावतात. "काय सांगायचं न्हाय, पण तार चालू हाय," एवढाच त्याचा अर्थ. सुरुवातीला मी दोनदा उचलला आणि दोन्ही वेळा "ठेवा, ठेवा, बिघाड करू नगा" असं ऐकून ठेवला.

पण तात्यांची खरी कमाई म्हणजे त्यांचं संशोधन. चार ते वीस हे जगभर चालतं, अमेरिकेत चालतं, जपानात चालतं. मग ते सुरू कुठं झालं? तात्यांचं उत्तर तयार आहे: त्यांच्या वाडीत. त्यांच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती. आजोबा माळावर मेंढरांकडं पाठ करून लोकर कातत बसायचे. पुढच्या मेंढ्याच्या गळ्यात घंटी. घंटी हळूहळू वाजते आहे तोवर सगळं ठीक. जोरात वाजली तर मेंढरं पळताहेत. आणि थांबली की उठायचं, कारण काहीतरी बिनसलं. "मास्तर," तात्या मला म्हणाले, "काय घडत न्हाय तवाबी थोडं वाजलंच पायजे. ह्योच चार. कालवा खणाया आलेल्या एखाद्या साहेबानं आमच्या आज्याला बघितलं असणार आणि घरी जाऊन सांगितलं असणार." कोणत्या साहेबानं? "त्येचं नाव आज्यानं इचारलं न्हाय. तवा आमाला काय ठावं, एवढं मोठं काम होणार हाय ते."

हा सिद्धान्त त्यांनी कारखान्याच्या स्मरणिकेसाठी लिहून काढला. शुद्धलेखन मी तपासलं, हा माझा अपराध. लेख छापून आला आणि वडगाव निंबाळकरच्या आबांनी वाचला.

आबा म्हणजे तात्यांचे कारखान्यातले जोडीदार. एकाच टेबलावर दोघांनी पंचवीस वर्षं डबा उघडला होता. तात्या विजेचे, आबा हवेचे. विजेच्या तारा यायच्या आधी कारखान्यात सगळे निरोप हवेनं जायचे. पेन्सिलीएवढ्या जाड नळ्यांतून तीन पौंड हवा आली तर टाकी रिकामी, पंधरा आली तर भरलेली. त्या नळ्या आणि त्यांचे काटे बसवलेलं कपाट आबांच्या हाताखाली असायचं आणि हवेच्या सुस्काऱ्यावरून ते कुठल्या नळीला भोक पडलंय ते सांगायचे. तात्यांच्या अख्ख्या लेखात हवेचा शब्दही नव्हता. आबा लेख घेऊन थेट कळंबला आले आणि दारातूनच म्हणाले, "तिनाची पाचपट किती?"

"पंधरा," तात्या म्हणाले.

"चाराची पाचपट?"

"वीस."

"मग? बापाचं नाक पोराला असतंय का न्हाय? तुझं चार-वीस आमच्या तीन-पंधराचं पोर हाय. आणि तू बाप म्हणून मेंढ्या लावतोस?"

मेंढ्यांवरून बोललेलं तात्यांना लागलं. ते म्हणाले, "मेंढ्याला नावं ठेवू नगंस. हवेत काय, हवा तर फुग्यातबी असती." आबा पाणी न पिता गेले. ते परत आले नाहीत आणि तात्याही गेले नाहीत. पाच-सहा वर्षं दोघांत शब्द नव्हता. तात्या रोज आठला मिस्ड कॉल द्यायचे, आबा पहिल्या घंटेला कापायचे. मला त्याचं वाईट वाटलेलं पाहून तात्यांनीच समजूत घातली होती: "कापाया बी माणूस जित्ता लागतो, मास्तर."

मग यंदा भावाकडून बातमी आली की कारखान्यातलं जुनं हवेचं कपाट भंगारात निघतंय. काही वर्षांपासून ते बंदच होतं, आता जागा हवी होती. हे ऐकून तात्या खूश होतील असं मला वाटलं होतं. त्या रविवारी मी कळंबला गेलो तर ते ओसरीवर पायात चपला घालून बसलेले. मी तब्येत विचारली. त्यांनी आकडा सांगितला नाही. म्हणाले, "गाडी काढा. एक अर्ज लिहायचाय."

कारखान्याच्या स्टोअरकीपरला आधी काही समजेना. निवृत्त माणसं थकलेल्या रकमेसाठी येतात, मुलाच्या नोकरीसाठी येतात. भंगारातलं एक गेज, म्हणजे हवेचा दाब दाखवणारा काटा, मागायला आजवर कुणी आलं नव्हतं. तो म्हणाला, लेखी द्या. तात्यांनी तोंडी सांगितलं आणि मी लिहिलं: 'विषय: हवेची एक खूण मिळणेबाबत. महोदय, सदर कपाट आमचे विरोधक श्री. आबा यांनी पंचवीस वर्षे निगुतीने सांभाळले आहे. त्यातील एक गेज त्यांस देण्याची कृपा व्हावी. ते स्वतः मागणार नाहीत, कारण त्यांचा स्वभाव वाईट आहे.' स्टोअरकीपरनं अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "जावा, कुठलं पायजे ते काढून घ्या." तात्यांनी कपाटासमोर उभं राहून सगळी गेजं नीट पाहिली आणि तिसऱ्या ओळीतलं एक, काच तडकलेलं, स्वतःच्या हातानं सोडवलं. बाजूला दुसरी चांगल्या काचेची होती. मी दाखवली, तर म्हणाले, "हेच."

कळंबहून बारामती ओलांडून वडगाव निंबाळकर म्हणजे मोटारसायकलवर बऱ्यापैकी लांबचा पल्ला. सगळ्या वाटेवर तात्या मागं बसून गेज पोटाशी धरून होते. आबा अंगणात खाटेवर बसले होते. शेजारी ट्रॅक्टर उभा, गोठ्यात म्हशींची धार चाललेली. आम्हाला पाहून ते उठले नाहीत आणि बसाही म्हणाले नाहीत. तात्यांनी गेज पुढं केलं. आबांनी ते घेतलं, उपरण्यानं पुसलं, उजेडात तिरकं धरलं. काट्याच्या तबकडीवर पंधराच्या जागी तांबड्या रंगाचा एक ठिपका होता, नखाएवढा.

"ह्यो ठिपका मी दिलेला हाय," आबा म्हणाले. "सायकलीच्या रंगानं."

"म्हणून तर हेच काढलं," तात्या म्हणाले.

"काच कुणी फोडली?"

"आमी न्हाय."

आबांनी गेज खाटेवर जपून ठेवलं. मग घरात बघून ओरडले, "च्या टाका. आणि ती नळी आणा पंक्चरची."

पुढं जे झालं त्याला मी चर्चा म्हणावं की मारामारी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आबांनी गेजाला रबरी नळी जोडली आणि नळीचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला लावलं. काटा सरसर चढला आणि चौदावर थांबला. "बघ!" आबा ओरडले. "एवढं मोठं चाक, नांगर वढतंय, पर राहतंय तीन-पंधरातच! देवानंच ठरवलेलं हाय!" तात्या म्हणाले की, ते देवानं ठरवलेलं नसून पंक्चरवाल्यानं भरलेलं आहे. मग तीनच का, दोन का नाही, एक का नाही, असा प्रश्न तात्यांनी काढला. आबा म्हणाले, तीनच्या खाली हवा खोटं बोलते. तात्या म्हणाले, दाखव. आणि ते दाखवण्यासाठी आबांनी चाकातली हवा सोडायला सुरुवात केली. बारा. नऊ. प्रत्येक आकड्याला थांबून दोघं वाकून काटा वाचायचे, वाद घालायचे आणि पुन्हा हवा सोडायचे. सहा. ट्रॅक्टर एका अंगाला कलला. मी दोनदा तोंड उघडलं, दोघांनी मला दोनदा हातानं गप्प केलं. तीन. मग उरलेली सगळी सोडली. चाक पार जमिनीला टेकलं, हवेचा आवाज बंद झाला, नळीही काढून झाली, आणि काटा मात्र दोनवर अडकून राहिला.

"बघ!" आबा नाचायचेच बाकी होते. "हवा न्हाय आणि ह्यो दोन म्हणतोय! खोटं बोलतोय का न्हाय? म्हणून तीनपासून!"

"गेज जुनं हाय," तात्या म्हणाले.

"मीबी जुना हाय. मी खोटं बोलतो का?"

आबांचा मुलगा दुधाचे कॅन घेऊन गोठ्यातून बाहेर आला. डेअरीत जायची वेळ झाली होती. त्यानं बसलेल्या ट्रॅक्टरकडं पाहिलं, दोन म्हाताऱ्यांकडं पाहिलं. "ह्ये काय केलंय, आबा?"

"शून्य दाखवत होतो," आबा म्हणाले.

मुलानं मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधले आणि निघून गेला. दोघं खाटेवर शेजारी शेजारी बसले. चहा निवून गेला होता, तोच प्यायले. मग पुन्हा सुरू झालं, पण आता आवाज खाली आले होते. अमक्या हंगामात अमकी नळी फुटली तेव्हा कोण होतं, तो लंगडा फिटर आता कुठं असतो, कँटीनमधली भजी कुणाच्या हातची, असं करत ते कधी विजेवरून आणि हवेवरून उतरले ते त्यांनाही समजलं नसावं. निघताना आबा म्हणाले, "गुरुवारी ये. अजून काय मिटलेलं न्हाय."

"येतो की," तात्या म्हणाले. "तुला सोडतो का मी."

परत येताना बारामतीच्या अलीकडं कालव्याच्या पुलावर त्यांनी मला गाडी थांबवायला सांगितली. उतरले, कठड्याला टेकले. ऊन कलतीला लागलं होतं आणि पाणी भरून चाललं होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "आबाचं खरं हाय. हवा आधीची. तीन-पंधराचं बघूनच पुढं चार-वीस आलं. मला पयल्या दिवसापासनं ठावं हाय."

मी चकित होऊन म्हणालो, "मग सांगा की त्यांना तसं. एवढी वर्षं फुकट घालवलीत."

तात्यांनी मान हलवली. "बायको जाऊन तिसरं वरीस चाललंय त्येची. पोरगा दुधात, सून शाळंत. मान्य केलं तर तो व्हय म्हणंल, आणि गप बसंल. मग गुरुवारी जायाचं ते कशापायी?"

ते मागं येऊन बसले आणि मी गाडी सुरू केली. कळंब येईपर्यंत तात्या माझ्या पाठीमागं काहीतरी पुटपुटत होते. आबांना विचारायचे नवे प्रश्न जुळवत असावेत. त्यातला एकही मला नीट ऐकू आला नाही. वारं फार होतं.